युद्ध पेटलं, तरी ते परत का येत नाहीत?

टीव्हीवर तेल अवीवच्या आकाशात आगीचे गोळे फुटताना दिसतात. इकडे गोव्यात नाहीतर मंगळुरात घाबरलेली आई फोन लावते आणि पलीकडून लेक सांगते, "काही नाही गं, आजीला जेवण भरवतेय. मग करते." फोन ठेवला की घरात वाद सुरू होतो. एकाला वाटतं, पोरगी काहीतरी लपवतेय. दुसरा म्हणतो, चॅनेलवाले तिखटमीठ लावून दाखवतात. तिसऱ्याचा प्रश्न सरळ असतो: एवढं सगळं चाललंय तर ती परत का येत नाही?

प्रश्न रास्त आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातल्या हमास या सशस्त्र संघटनेने दक्षिण इस्रायलवर हल्ला केला आणि युद्ध पेटलं, तेव्हा त्या देशात सुमारे १८,००० भारतीय होते. त्यातले बहुतेक घरोघरी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारे केअरगिव्हर. उरलेल्यांत विद्यार्थी, आयटीवाले आणि हिऱ्यांचे व्यापारी. पाच दिवसांत भारत सरकारने 'ऑपरेशन अजय' सुरू केलं. विशेष विमानं पाठवली, तीही फुकट. त्यातून परतले जेमतेम तेराशे-साडेतेराशे लोक, म्हणजे शंभरातले सात-आठ.

मागे राहिलेले सगळे शूर होते असं नाही आणि सगळे अविचारीही नव्हते. बहुतेकांनी हिशोब केला होता. त्या हिशोबात सेकंद होते, शेकेल म्हणजे तिथले पैसे होते, व्हिसाच्या तारखा होत्या आणि सावकाराचं व्याजही होतं. तो कसा मांडला जातो हे कळलं, तर परक्या देशातल्या युद्धात माणूस रोजचे दिवस कसे काढतो तेही कळेल.

सेकंदांचा हिशोब

आधी सायरन समजून घेऊ. गाझातून रॉकेट सुटलं की इस्रायलच्या रडारला ते लगेच दिसतं. पहिल्या काही क्षणांतला वेग आणि कोन मिळाला की उरलेला मार्ग गणिताने काढता येतो. लाँग-ऑनला उभा असलेला मुरलेला क्षेत्ररक्षक हेच करतो. चेंडू बॅटवरून उडताच त्याला कळतं, हा सीमेपार जाणार, मोकळ्या जागेत पडणार की आपल्या हातात येणार. प्रत्येक चेंडूमागे तो ऊर फुटेस्तोवर धावत नाही. २०११ पासून वापरात असलेली 'आयर्न डोम' ही यंत्रणाही जे रॉकेट वस्तीत पडणार असं दिसतं त्याच्यावरच आपलं क्षेपणास्त्र सोडते. ओसाड माळावर पडणाऱ्याला पडू देते, कारण तिचं एकेक क्षेपणास्त्र सुमारे ४० ते ५० हजार डॉलरचं असतं.

याच गणितातून सायरनही वाजतो. पूर्ण देशात एकदम वाजत नाही. रॉकेट ज्या पट्ट्यात पडण्याची शक्यता आहे तिथलेच भोंगे आणि तिथलेच मोबाइल खणखणतात. मग आसरा गाठायला किती वेळ मिळतो? ते तुम्ही गाझापासून किती दूर आहात यावर ठरतं.

चौकट: सायरन वाजल्यावर हाताशी असलेला वेळ (गाझातून आलेल्या रॉकेटसाठी)

• स्देरोत आणि सीमेलगतची गावं: १५ सेकंद किंवा त्याहूनही कमी
• अश्केलॉन: ३० सेकंद
• अश्दोद: ४५ सेकंद
• बीरशेबा: ६० सेकंद
• तेल अवीव, जेरुसलेम: ९० सेकंद

इराणहून येणारं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र फार दुरून येतं. त्याला सुमारे बारा मिनिटं लागतात. म्हणून जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणची बारा दिवस लढाई झाली तेव्हा सायरनच्या काही मिनिटं आधीच फोनवर 'आसऱ्याजवळ थांबा' असा इशारा येई. वेळ जास्त मिळायचा, पण येणारा स्फोटही कितीतरी मोठा असायचा.

नव्या माणसाला सायरनचे दोन सूर ओळखायला शिकावं लागतं. चढत-उतरत जाणारा आवाज म्हणजे पळा. एकाच पट्टीत लांबलेला आवाज म्हणजे आहात तिथे उभे राहा. तो हुतात्म्यांच्या आणि ज्यूंच्या वंशसंहाराच्या स्मृतिदिनी वाजतो. त्या वेळी हमरस्त्यावरचे लोकसुद्धा गाडी थांबवून खाली उतरतात.

रॉकेट हवेतच फुटलं तरी त्याचे तुकडे खाली पडायला वेळ लागतो. म्हणून गाझाच्या रॉकेटसाठी नियम होता: आसऱ्यात गेलात की दहा मिनिटं बाहेर यायचं नाही. दहा मिनिटांनी लोक बाहेर येतात, कोणी गॅसवरची आमटी पुन्हा पेटवतो, कोणी बसस्टॉपवर जातो. टीव्हीवर दिसतात ती ही दहा मिनिटं. लेक फोनवर सांगते ते दिवसाच्या उरलेल्या तासांबद्दल. दोन्ही खरं असतं.

नव्वद सेकंदांत आजी

आता आसरा म्हणजे काय ते पाहू. १९९१ च्या आखाती युद्धात इराकने इस्रायलवर सुमारे ४० स्कड क्षेपणास्त्रं सोडली. त्यात विषारी वायू असेल या भीतीने लोकांनी घरातल्या एका खोलीच्या खिडक्या प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद केल्या. त्या अनुभवातून १९९२ मध्ये लष्कराचा नागरी संरक्षण विभाग उभा राहिला आणि नव्या इमारतींत प्रत्येक घराला एक सुरक्षित खोली सक्तीची झाली. हिला म्हणतात 'ममाद'. भिंती जाडजूड सळईबंद काँक्रीटच्या, दार पोलादी, खिडकीला सरकणारी पोलादी झडप. एरवी तीच मुलांची नाहीतर पाहुण्यांची खोली असते.

पण सक्ती १९९२ नंतरच्या इमारतींना. त्याआधीच्या घरांत राहणाऱ्यांना सोसायटीच्या किंवा सार्वजनिक तळघरात, म्हणजे 'मिक्लात'मध्ये जावं लागतं. तेही जवळ नसेल तर जिन्याच्या मधल्या भागात, खिडक्यांपासून लांब. आणि म्हातारी माणसं राहतात ती बऱ्याचदा जुन्या इमारतींतच. पन्नास वर्षांपूर्वी घेतलेलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले.

समजा, तेल अवीवजवळच्या अशा एका घरात नव्वदीची आजी आहे आणि तिची केअरगिव्हर आहे मंगळुरची. रात्री तीनला सायरन वाजतो. जाग येऊन दिवा लावेपर्यंत दहा सेकंद जातात. आजीच्या पाठीखाली हात घालून तिला उठवून बसवायचं, आणखी पंधरा. चष्मा, चपला आणि 'काय झालं?' या प्रश्नाचं उत्तर, आणखी वीस. व्हीलचेअरचा ब्रेक लावून तिला उचलून खुर्चीत ठेवायला किमान अर्धं मिनिट. खोलीच्या दारापर्यंत पोचताना ऐंशी सेकंद होऊन गेलेले असतात आणि पुढे जिना आहे.

म्हणजे धडधाकट माणसासाठी आखलेले नव्वद सेकंद हिला पुरत नाहीत. मग घराघरातून वेगवेगळे तोडगे निघतात. ममाद असेल तर आजीचा पलंगच तिथे हलवतात आणि केअरगिव्हर बाजूला गादी टाकते. ममाद नसेल तर घरातला सगळ्यात आतला बोळ हाच आसरा ठरतो. अशा वेळी बऱ्याच केअरगिव्हर पेशंटजवळच थांबतात. एकटीने खाली पळून जाणं त्यांच्या कामात बसत नाही, मनातही बसत नाही. ७ ऑक्टोबरला कफार अझा या वस्तीतल्या एका फिलिपिनो केअरगिव्हरने आपल्या पेशंटला सोडायला नकार दिला. दोघीही मारल्या गेल्या.

रोजच्या जगण्यात हा हिशोब बारीकसारीक ठिकाणी दिसतो. अंघोळ झटपट उरकायची, कारण साबण अंगावर असताना सायरन वाजला तर पंचाईत. चपला पलंगाशी, तोंड दाराकडे करून. पासपोर्ट, आजीची औषधं, चार्जर आणि पाण्याची बाटली एका पिशवीत. बाजारात जायचं ते आजी झोपलेली असताना, आणि जाताना वाटेत मिक्लात कुठे आहे ते पाहून ठेवायचं.

सायरन वाजतच नाही तेव्हा

सायरनचं गणित उंच उडून वळण घेत खाली येणाऱ्या अस्त्रांसाठी आहे. लेबनॉनच्या सीमेवर तिथल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेने रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रंही वापरली. ती समोरच्या टेकडीवरून नजरेच्या रेषेत, जवळजवळ सपाट येतात. इशारा द्यायला वेळच उरत नाही. ४ मार्च २०२४ रोजी मार्गालिओत इथल्या एका फळबागेवर असंच क्षेपणास्त्र पडलं. तिथे काम करणारा केरळचा एक तरुण ठार झाला आणि आणखी दोन भारतीय जखमी झाले. सीमेलगतच्या गावांतल्या इस्रायली रहिवाशांना तोवर हलवलं होतं, पण बागेतली फळं आणि कोंबड्यांची खुराडी हलवता येत नाहीत. ती सांभाळायला परदेशी मजूर मागे होते. त्यानंतर भारतीय दूतावासाने सीमेवरच्या आपल्या नागरिकांना सुरक्षित भागात जायला सांगितलं.

७ ऑक्टोबरचा हल्लाही सायरनच्या हिशोबाबाहेरचा होता. सायरन वाजले, लोक ममादमध्ये गेले आणि मग बंदूकधारी घरात शिरले. ममाद स्फोटासाठी बांधलेली खोली. इमारत कोसळली तर बाहेरून सुटका करता यावी म्हणून तिचं दार आतून पक्कं कुलूपबंद होत नसे. सीमेजवळच्या एका वस्तीत केरळच्या दोन केअरगिव्हरनी तासन्‌तास त्या दाराची मूठ आतून धरून ठेवली. बाहेरून गोळ्या झाडल्या जात होत्या. आतलं वृद्ध जोडपं वाचलं.

शेतमजुरांचं नुकसान याहून मोठं झालं. युद्धाआधी इस्रायलच्या शेतीत सुमारे ३०,००० थाई मजूर होते, त्यातले हजारो गाझालगतच्या मळ्यांत. त्या एका दिवशी सुमारे ४० थाई मारले गेले आणि ३१ जणांना ओलीस नेलं. शेतीचं शिक्षण घ्यायला आलेले १० नेपाळी विद्यार्थी अलुमिम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीत, मारले गेले. कारण साधं आहे. परदेशी माणसाची जागा कामाची जागा ठरवते. जमीन सीमेवर असली की मजूरही सीमेवरच असतो.

सुट्टीच्या दिवशी

आठवड्यातून एक दिवस केअरगिव्हरला सुट्टी असते. पेशंटच्या घरी राहून ती सुट्टी होत नाही, म्हणून पाच-सात जणी मिळून एखादा फ्लॅट भाड्याने घेतात. स्वस्त भाडं दक्षिण तेल अवीवमध्ये, जुन्या बसस्थानकाच्या आसपासच्या गल्ल्यांत मिळतं. तिथे भारतीय वाणसामान मिळतं, चर्चमध्ये आपल्या भाषेतली प्रार्थना असते, घरी पैसे पाठवायची दुकानं असतात.

पण त्या भागातल्या इमारती जुन्या, त्यामुळे ममाद विरळाच. आठवडाभर पेशंटच्या चांगल्या घरात असलेली बाई सुट्टीच्या दिवशी मात्र सार्वजनिक तळघर शोधत धावते. संरक्षण घराला जोडलेलं असेल, तर ज्याचं स्वतःचं घर नाही त्याला ते तुकड्या-तुकड्यानेच मिळतं. नेगेवच्या वाळवंटातल्या सरकारी मान्यता नसलेल्या बेदुइन वस्त्यांना तर नागरिक असूनही ते मिळत नाही.

भाषेचं असंच आहे. लष्कराचं इशारा देणारं अधिकृत ॲप हिब्रू, अरबी, रशियन आणि इंग्रजीत चालतं. कोकणी, मल्याळम किंवा तेलुगू बोलणाऱ्यांची भिस्त व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे कोणीतरी सूचना आपल्या भाषेत लिहून टाकतं, पण त्यासोबत अफवाही येतात. जुनी केअरगिव्हर नवीला म्हणूनच आधी हिब्रूतले दहा-वीस शब्द शिकवते: सायरन, तळघर, रुग्णवाहिका, जिना, डावीकडे, थांब.

व्हिसा, कर्ज आणि पगार

आता शेकेलचा हिशोब. एप्रिल २०२४ मध्ये इस्रायलचं किमान मासिक वेतन ५,८८० शेकेल झालं. त्या वेळी शेकेल साधारण २२ रुपयांचा धरला तर महिन्याला सुमारे १ लाख ३० हजार रुपये. राहण्या-खाण्याचे आणि विम्याचे काही पैसे कापले तरी गावाकडे मोठी रक्कम जाते.

पण पहिली दोन-तीन वर्षं ती रक्कम घरची नसते. एजंटला काही लाख देऊन आलेल्यांची कमी नाही. उदाहरणादाखल, कोणी ८ लाख रुपये महिना दोन टक्क्यांनी उचलले, तर नुसतं व्याज महिन्याला १६,००० रुपये. इस्रायलमधल्या पगारातून ते सहज फिटतं. गावी परतून दहा-पंधरा हजारांची नोकरी धरली, तर पूर्ण पगार देऊनही व्याज भागत नाही. फुकटचं विमान माणसाला घरी आणतं, कर्ज मात्र जसंच्या तसं राहतं.

दुसरी दोरी व्हिसाची. केअरगिव्हरचा व्हिसा फक्त त्याच क्षेत्रातल्या कामासाठी असतो. बांधकामात किंवा हॉटेलात जाता येत नाही. राहण्याची साधारण मर्यादा ६३ महिन्यांची, म्हणजे सव्वापाच वर्षांची. त्याच पेशंटची देखभाल चालू असेल तर ती पुढे वाढू शकते. म्हणजे तिचा देशातला मुक्काम एका म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्याला बांधलेला असतो. ती निघून गेली आणि त्या कुटुंबाने दुसरी बाई ठेवली, तर परतीचा दरवाजा बंद होण्याची भीती खरी असते.

तिथल्या नागरिकात आणि परक्या कामगारात फरक भाषेचा किंवा रंगाचा नाही, कागदाचा आहे. अश्दोद, अश्केलॉन, दिमोना, बीरशेबा या शहरांत कोकणातून गेलेले बेने इस्रायली ज्यू राहतात. रायगडच्या गावांची नावं अजूनही आडनावात बाळगणारी, घरातल्या वडीलधाऱ्यांशी मराठी बोलणारी ही माणसं. सायरन त्यांनाही तोच, ४५ किंवा ३० सेकंदही तेच. पण ती तिथली नागरिक आहेत. घर, मतदान, पेन्शन त्यांचं आहे. शेजारच्या इमारतीत काम करणारी भारतीय केअरगिव्हर मात्र आधी व्हिसाची तारीख पाहते आणि मग बाकीचं ठरवते.

कागद नेहमी विरोधात जातो असंही नाही. कायदेशीर व्हिसावर आलेला परदेशी कामगार हल्ल्यात जखमी झाला किंवा मेला, तर इस्रायलची राष्ट्रीय विमा संस्था त्याला किंवा त्याच्या कुटुंबाला भरपाई देते. आपल्याकडच्या साध्या प्रवास विम्यात युद्धातली हानी बहुधा वगळलेली असते. म्हणून व्हिसाची मुदत संपू देणं युद्धकाळात दुप्पट महागात पडतं.

याच काळात उलटी वाहतूकही सुरू झाली. ७ ऑक्टोबरनंतर इस्रायलने वेस्ट बँक आणि गाझातल्या पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने रोखले आणि बांधकामं ओस पडली. ती जागा भरायला भारतातून माणसं नेली जाऊ लागली. दोन्ही देशांत मे २०२३ मध्येच ४२,००० कामगारांचा करार झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये रोहतक आणि लखनौला गवंडी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे यांच्या चाचण्या झाल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात औंधच्या आयटीआयमध्येही भरती झाली. युद्धाच्या बातम्या वाचूनच ही माणसं रांगेत उभी होती. त्यांच्या हिशोबात इथलं रिकामपण तिथल्या सायरनपेक्षा जड भरलं.

विमानं का थांबतात

समजा कोणी परतायचं ठरवलं. तर नेमकं तेव्हाच विमान का नसतं?

विमानाचा युद्धधोक्याचा विमा वेगळा काढावा लागतो आणि विमा कंपनी तो साधारण सात दिवसांच्या नोटिशीने मागे घेऊ शकते किंवा महाग करू शकते. विमा नाही म्हटल्यावर भाड्याने घेतलेलं विमान त्या विमानतळावर उतरवता येत नाही. शिवाय वैमानिकांच्या सुरक्षेचा प्रश्न असतोच. म्हणून गोळीबार सुरू झाला की परदेशी कंपन्या आधी थांबतात. एअर इंडियाने ७ ऑक्टोबर २०२३ ला तेल अवीवची सेवा थांबवली, मार्च २०२४ मध्ये सुरू केली, ऑगस्टमध्ये पुन्हा थांबवली आणि नंतर परत सुरू केली. ४ मे २०२५ रोजी येमेनच्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र तेल अवीवच्या बेन गुरियन विमानतळाजवळ पडलं तेव्हा तिकडे निघालेलं एअर इंडियाचं विमान अबू धाबीला वळवावं लागलं. इस्रायली कंपन्या मात्र उडत राहिल्या, कारण त्यांच्या विम्याची हमी त्यांच्या सरकारने घेतली.

जून २०२५ मध्ये तर आकाशच बंद झालं. तेव्हा 'ऑपरेशन सिंधू'मध्ये आठशेहून अधिक भारतीयांना इस्रायलमधून आणलं ते आधी बसने जॉर्डन किंवा इजिप्तच्या हद्दीत नेऊन. असा रस्ता लागतो तेव्हा दोन सीमा, दोन देशांची परवानगी आणि पासपोर्ट हातात असणं हे सगळं एकाच दिवशी जुळावं लागतं. १९४९ चा चौथा जिनिव्हा करार परकीय नागरिकांना युद्धग्रस्त देश सोडण्याचा हक्क देतो. पण तिकीट, रस्ता आणि वाटखर्च त्या हक्कात येत नाहीत.

सीमेपलीकडे

ही सगळी यंत्रणा सीमेच्या एका बाजूची आहे. गाझातल्या वीस लाखांहून अधिक लोकांसाठी ना सायरन होते, ना सार्वजनिक तळघरं. तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार ६० हजारांहून अधिक माणसं मारली गेली. तिथे कागदाचं माप उलटं पडलं. नोव्हेंबर २०२३ पासून इजिप्तच्या सीमेवरच्या रफाहच्या फाटकातून ठरावीक यादीतले लोक बाहेर सोडले जाऊ लागले, आणि त्या यादीत यायला बहुतेकांना परदेशी पासपोर्ट लागत होता. बहुतेकदा जो परका होता तोच सुटू शकत होता.

लेबनॉनमध्ये पुन्हा वेगळं. तिथे घरकाम करणाऱ्या इथिओपियन, बांगलादेशी, श्रीलंकन बायकांचा व्हिसा 'कफाला' पद्धतीने थेट मालकाशी जोडलेला असतो आणि पासपोर्ट बहुधा मालकाच्या कपाटात. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलचे हवाई हल्ले वाढले तेव्हा अनेक मालक कुटुंबासह निघून गेले आणि या बायका मागे राहिल्या. सरकारी आसऱ्यात गेल्यावर काही ठिकाणी त्यांना परत पाठवण्यात आलं. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या अंदाजाने त्या देशात पावणेदोन लाखांच्या आसपास परदेशी स्थलांतरित होते.

निघायची वेळ कळते का?

युद्ध तारीख देऊन सुरू होत नाही, आणि इशारा मिळाला तरी तो वेगवेगळ्या हिशोबांशी झगडतो. युक्रेनमध्ये भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी विद्यार्थ्यांना, थांबणं अत्यावश्यक नसेल तर निघा, असं सुचवलं. पण कॉलेजचे वर्ग चालू होते, गैरहजेरीत वर्ष जाण्याची भीती होती आणि तिकिटांचे दर गगनाला भिडले होते. २४ तारखेला हल्ला झाला आणि विमानतळ बंद पडले. १ मार्चला खार्कीवमध्ये किराणा आणायला रांगेत उभा असलेला एक भारतीय विद्यार्थी मारला गेला. दुसऱ्या दिवशी तिथल्या विद्यार्थ्यांना संध्याकाळी सहाच्या आत, पायी का होईना, शहर सोडायला सांगावं लागलं.

त्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. पण निघण्याचा खर्च लगेच आणि नक्की असतो, धोका उद्याचा आणि अंदाजाचा असतो. असा व्यवहार समोर आला की बहुतेक माणसं 'आणखी दोन दिवस बघू' म्हणतात, आणि दोन दिवसांनी रस्ता उरत नाही. म्हणून परदेशी माणसाची सुरक्षितता ठरते ती आधीच: कर्ज किती काढलं, व्हिसा कशाला बांधला, काम सीमेवर घेतलं की आत, पासपोर्ट कोणाकडे ठेवला. सायरन वाजेपर्यंत यातलं बहुतेक काही बदलण्याजोगं राहिलेलं नसतं.

चौकट: कंत्राटावर सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

• कामाचं ठिकाण सीमेपासून किती किलोमीटर? तिथे सायरननंतर किती सेकंद मिळतात?
• घरात सुरक्षित खोली आहे का? नसेल तर सगळ्यात जवळचं तळघर किती पावलांवर?
• पेशंट स्वतः चालू शकतो का? रात्री त्याला हलवायला आणखी कोणी असतं का?
• व्हिसा मालकाला बांधलेला आहे की क्षेत्राला? देश सोडल्यावर परत येता येतं का?
• पासपोर्ट स्वतःजवळ राहील, हे लेखी आहे का?
• साइट बंद पडली तर त्या दिवसांचा पगार मिळतो का?
• विम्यात युद्ध वगळलेलं आहे का? भरपाई कोण देतं?
• एजंटचे पैसे फिटायला किती महिने लागतील, आणि मध्येच परतावं लागलं तर व्याज कोण भरणार?
• पोचल्याबरोबर भारतीय दूतावासात नाव कसं नोंदवायचं? ते नोंदवलेलं नसेल तर सुटकेच्या वेळी यादीत नाव घालायला वेळ जातो.